वेलीचं डोहाळजेवण

आमच्या घरात जेवढी डोहाळजेवणं झाली त्यांत सगळ्यात थाटाचं झालं ते एका वेलीचं. माझ्या आईचं तसं झालं नव्हतं, माझं तर नाहीच नाही. माझ्या वेळी सासरच्यांनी शेजारच्या चार बायका बोलावल्या नि शेवयांच्या खिरीवर भागवलं. पण नाचणगावच्या आमच्या अंगणात, न्हाणीच्या छपरावर चढलेल्या त्या द्राक्षाच्या वेलीला हिरवी साडी होती, हिरवा चुडा होता, झोपाळा होता नि पंगतीला अर्धं गाव होतं. मी हे सांगायला लागले की माझी नात हसून हसून लोळते. हसू दे. त्या दिवशी आमच्यापैकी कुणीही हसत नव्हतं. त्या वेलीला फळ धरतं की नाही, यावर आमच्या वेणूकाकूनं त्या घरात राहायचं की जायचं हे ठरणार होतं.

वेणूकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकाची, मनोहरकाकाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी फ्रॉक घालत होते, नि तिच्या हातची मेंदी उतरायच्या आतच काका नाशिककडे कुण्या दोस्ताच्या लग्नाला गेला आणि येताना द्राक्षाचं रोप घेऊन आला. आख्ख्या प्रवासात ते त्यानं लेकरासारखं मांडीवर धरलं होतं. पुलगावच्या स्टेशनवर उतरला तेव्हा शर्टाला माती, केसांत माती, नि तोंडावर असा तेजाळ भाव की बाबांना वाटलं यानं तिकडे दुसरंच काही केलं. "वैनी, पुढच्या सालापासून द्राक्षं इकत घ्याची नाई," काकानं माझ्या आईला सांगितलं. आम्ही द्राक्षं विकत कधी घेतली होती हा प्रश्न कुणी विचारला नाही. रोपाच्या खोडाला, कंबरपट्ट्यासारखी, एक पट्टी गुंडाळलेली होती. आईनं विचारलं, "याले काय झालं, भाऊजी?" काका म्हणाला, "गाडीत लागलं असन. होईन बरं." संत्र्यावाल्या गावात आमचं घर असतं तर शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं, की ही कलमाची पट्टी आहे, वरचं झाड वेगळं नि खालचा खुंट वेगळा. पण आम्ही पडलो कापूस-तुरीवाले. बी पेरायचं, उगवेल ते काढायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. आईनं त्या पट्टीवर हळद लावली.

घराचा कारभार होता आत्याकडे. बाबांची नि काकाची ती थोरली बहीण; ऐन तरुणपणी नवरा गेला म्हणून माहेरी आली आणि आल्या दिवसापासून आमच्या घरात सरकार झाली. बाबा नि काका तिला आक्का म्हणत, आई नि काकू आक्काबाई म्हणत, आणि चौघंही तिच्यासमोर सारखेच घाबरत. वांग्याच्या भाजीत तिखट किती इथपासून कोणत्या वावरात तूर पेरायची इथपर्यंत तिचा शब्द चाले. वाईट नव्हती हो. मला ताप आला की रात्रभर पायाशी बसायची. पण एकदा बोललेलं मागे घ्यायचं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिची एक लाडकी शेळी होती, चंद्री. रोप लावून आठवडा झाला नसेल तो चंद्रीनं दावं तोडलं आणि रोपाची पानं, शेंडा, खोड, सगळं त्या हळदीच्या पट्टीसकट फस्त केलं. जमिनीवर बोटभर बुडखा उरला. काका ओसरीवर बसून मोठ्यानं रडला. आत्या म्हणाली, "कायले रडून राह्यला बाप्पा? शेळीनं तोंड लावलं का झाड दुप्पट फुटते." आणि काय सांगू, खरंच फुटलं.

नुसतं फुटलं नाही, उधळलं. त्या बोटभर बुडख्यातून असा काही जोर आला की दिवाळीपर्यंत वेल न्हाणीच्या छपरावर होती नि पुढच्या उन्हाळ्यात अंगणभर मांडव. नाशिकचं रोप आलं तेव्हा त्याची पानं मोठी, मऊ होती. ही निघाली लहान नि चकचकीत. काका म्हणाला, वर्ध्याचं पाणी मानवलं, रंग उजळला. आमच्याकडच्या उन्हात जिथे माणसं वाळतात तिथे ही बया हिरवीगार. तिनं कपडे वाळत घालायची तार ओढली, शेजाऱ्यांच्या कौलांत बोटं घातली, एकदा तर न्हाणीच्या दाराची कडी बाहेरून अशी गुंडाळली की बाबा अंघोळ करून तासभर आत, नि आम्ही बाहेरून विळ्यानं कापतोय. आणि दरवर्षी होळीच्या आगेमागे तिला फुलोरा यायचा. बारीक, हिरवट, दिसायला काहीच नाही, पण वास! आजही डोळे मिटले की येतो. गोडसर, थोडा ओल्या मधासारखा. दुपारी भांडी घासताना मधमाश्यांची गुणगुण, लांबून पुलगावच्या मालगाडीची शिट्टी नि तो वास. मग आठ-पंधरा दिवसांनी सगळा फुलोरा कोंड्यासारखा गळून अंगणात पडे. एक मणी नाही. औषधाला नाही.

उपाय करण्यात आम्ही काही कसर ठेवली नाही. काकाला आधी वाटलं मालगाडीच्या हादऱ्यानं फुलं झडतात; म्हणून त्यानं वेलीला ठिकठिकाणी सुतळीनं बांधून टाकलं. मग वाटलं तिला माहेरची थंडी आठवते. म्हणून पुलगावच्या गोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणून ऐन उन्हाळ्यात तिच्या मुळाशी ठेवली. आम्ही पोरं ती चोरून खाल्ली. आत्यानं आपल्याकडची जुनी रीत करायला लावली: फळ न देणाऱ्या झाडासमोर कुऱ्हाड घेऊन उभं राहायचं, तोडतो म्हणायचं, नि दुसऱ्यानं झाडाच्या वतीनं हातापाया पडायचं. बाबा कुऱ्हाड घेऊन उभे राहिले. वेलीच्या वतीनं बोलायला मला उभं केलं. "तोडू का?" बाबा ओरडले. "नको जी, नको, औंदा देतो," मी किंचाळले, नि शेजारचे म्हातारबुवा खरोखर पोरीला मारतायत समजून काठी घेऊन धावत आले.

आणि हे सगळं चालू असताना काकूलाही मूल होत नव्हतं. इथे मला हसू येत नाही. काकू मुळात मोठी बोलघेवडी, नकला करणारी. आत्या विहिरीवरून कशी चालत येते ते ती माझ्यापुरतं करून दाखवायची नि मी पोट धरून बसायची. पण वर्षं जात चालली तसतशी ती गप्प होत गेली. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येईना. कुणाचं बाळंतपण असलं की आत्या तिला शेतावर धाडायची. तिनं नवस केले, उपास केले, गावोगावची औषधं प्याली. एकदा एका औषधानं आठ दिवस तिचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईनं तपासून सांगितलं, हिच्यात काही दोष दिसत नाही, नवऱ्याला घेऊन या. ते ऐकून आत्या म्हणाली होती, "नवऱ्याले कायले? त्याच्या मिशा पाह्यल्या नाई का तिनं?" काकाच्या मिशा खरंच झुपकेदार होत्या. विषय तिथे संपला.

मग एका संक्रांतीला आत्यानं निकाल दिला. काकू नि वेल एकाच साली घरात आल्या, दोघी वरून हिरव्या नि आतून कोरड्या, घरावर कसला तरी दोष आहे. "औंदा द्राक्षं लागली तं दोष गेला असं समजीन. वेणू राहीन. नाई लागली तं तिले भावाकडे नालवाडीले पोचवून द्या, मनोहरचं जामचं जमवतो मी." जामला चौरस्त्यावर एकाचं हॉटेल होतं, त्याची मुलगी लग्नाची होती; आत्यानं आधीच निरोप धाडला होता. काकूचा भाऊ नालवाडीत एका खोलीत बायको नि लेकरं घेऊन राहायचा. काकू तिथे कुठे निजणार होती कुणास ठाऊक. काका खाली मान घालून गूळ फोडत बसला. मला त्याचा एवढा राग आला! तिळाचे लाडू वळता वळता उठावं नि त्याच्या त्या मिशा उपटाव्या असं वाटलं. पण त्या घरात आक्कापुढे तोंड उघडणारा जन्मायचा होता.

होळी जवळ आली, वेल फुलली. तेव्हा आत्याच्या डोक्यात आलं: दरवर्षी हिला दिवस जातात नि टिकत नाहीत. काऊन? तर हिचे डोहाळे कुणी पुरवले नाहीत! झालं. वेलीला काय खावंसं वाटत असेल यावर आई, आत्या नि शेजारणी दोन दुपारी बोलत होत्या. आंबट तर हवंच; चिंचेचं सार मुळाशी ओतलं. कुणी म्हणालं बोरं, कुणी म्हणालं कैरी. मातीत कैऱ्या पुरल्या, त्या चंद्रीनं उकरून खाल्ल्या. डोहाळजेवणाचा दिवस ठरला, जामच्या पाहुण्यांनाही त्याच दिवशी बोलावलं. म्हणजे घर पाहणं होईल नि जेवणही. वेलीची ओटी पाच सवाष्णी भरणार होत्या, त्यांत माझी आई होती, काकू नव्हती. काकूनं सैपाकघरात वडे तळायचे होते. वेलीसमोर यायचं नव्हतं.

मी तेव्हा वर्ध्याच्या कॉलेजात सायन्सला होते, रोज पुलगावहून गाडीनं जात-येत होते. डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी काकूनं माझ्या डब्यात भाकरीवर एक कागदाची पुडी ठेवली. आत फुलोऱ्याचे तुरे. "बेबी, तुमच्या कॉलेजात दुरबीन हाय ना? पाह्य बरं इच्या पोटात काय हाय थे." मी म्हटलं, "काकू, त्यानं काय होईन?" ती म्हणाली, "मले आधी मालूम पाह्यजे. नालवाडीले जाचंच असन तं पातळं धुवून ठेवीन." असं बोलताना ती पीठ मळत होती नि तिच्या हातांचा वेग जराही कमी झाला नाही. गाडीत मी ती पुडी घट्ट धरून बसले होते.

प्रॅक्टिकल संपल्यावर मी आमच्या बॉटनीच्या मॅडमना गाठलं. त्यांनी एक फूल सुईनं उलगडलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, वाकून पाहिलं, परत पाहिलं. "कुणाच्या डोहाळजेवणाला जायचंय म्हणालीस तू लवकर?" मी म्हटलं, हिच्याच. मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. त्यांना इतकं हसू लोटलं की चष्मा काढून त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग मला पाहायला लावलं. मधे जिथे फळाची गाठ असायला हवी तिथे काहीच नव्हतं, एक टिंब. भोवती नुसते पुंकेसर, ताठ उभे, शिपाई जसे. "अगं, हा पुरुष आहे," मॅडम म्हणाल्या. "जंगली द्राक्षात नर वेल वेगळी नि मादी वेल वेगळी. आपण खातो ती द्राक्षं माणसानं निवडून घरात आणलेली. कुठल्या तरी काळात कुणाला तरी अशी वेल सापडली जिच्या एकाच फुलात दोन्ही होतं. ती एकटीच फळायची. तिच्याच फांद्या लोक लावत गेले, त्यांतून पुढची सगळी. पण तुझ्याकडे जंगली कुठून आली?" मी नाशिक सांगितलं, पट्टी सांगितली, चंद्री सांगितली. मॅडमनी कपाळावर हात मारला. "द्राक्ष तुमच्या शेळीनं खाल्लं. तुमच्या अंगणात खुंट वाढलाय. जंगली, नि तोही नर. प्रलयापर्यंत डोहाळे पुरवा, त्याला एक मणी लागायचा नाही."

तिथून मी जी निघाले! गाडी पुलगावला उशिरा पोचली, स्टेशनपासून नाचणगावपर्यंत मी धावत गेले. मनात एकच घोळत होतं: फळ लागणारच नाही, म्हणजे काकू गेली. आणि त्याच वेळी दुसरं: पण यात वेलीचा दोषच नाही! दोन्ही एकदम डोक्यात नाचत होतं, काय बोलायचं ते कळत नव्हतं. अंगणात शिरले तर सगळे श्वास रोखून बसलेले. वेलीच्या बुंध्याला हिरवी साडी, निऱ्या काढून. दोऱ्यासारख्या वळलेल्या तणाव्यांत काचेच्या हिरव्या बांगड्या अडकवलेल्या. मांडवाखाली झोपाळा, त्यावर वेलीची एक फांदी निजवलेली, उशाला लोड. समोर पाटावर झाकलेल्या दोन वाट्या. बाईच्या डोहाळजेवणात एका वाटीत पेढा नि एकीत बर्फी ठेवतात ना, मुलगा की मुलगी बघायला? तसं इथे एका वाटीत काळे मनुके नि दुसरीत हिरवे बेदाणे. वेलीचा तणावा ज्या वाटीला शिवेल त्या रंगाची द्राक्षं होणार. वारा पडलेला. तणावा हलेना. जामचे पाहुणे फेटे काढून मांडीवर घेऊन एकटक तणाव्याकडे बघतायत, बाबा सुपानं वारा घालतायत नि आत्या ओरडतेय, "हळू रे, ढकलू नको तिले, तिच्या मनानं जाऊ दे!" सैपाकघरातून वड्यांचा वास येत होता.

"आत्या," मी धापा टाकत म्हटलं, "ही बाई नाई. हा बाप्या हाय."

बाबांचं सूप हातातच राहिलं. मी सगळं सांगितलं. नर वेगळा, मादी वेगळी, पट्टी, चंद्री, खुंट. सांगता सांगता रडले. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी आधी फिसकन हसलं, मग दुसरीनं तोंडात पदर कोंबला. ओटी भरून बसलेल्या पाच सवाष्णींनी चटकन पदर डोक्यावर ओढले, परपुरुष निघाला ना! बाबा म्हणाले, "अबे, पपईचं आपल्याले कळते, नर पपई आपून उपटून फेकतो. मंग याचं काऊन नाई कळलं?" आईनं सांगितलं, पपईला कुणी साडी नेसवली नव्हती. आत्या मात्र हरणारी नव्हती. तिनं घटकाभर त्या वेलीकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, "मंग पाहता काय तोंडाकडे? सोडा थे लुगडं. धोतर आना." आणि भर पंगतीसमोर माझ्या बाबांनी नि काकानं मिळून त्या वेलीची साडी सोडली नि धोतर नेसवलं. काकानं तर काष्टाही घातला. सवय.

तेवढ्यात सैपाकघराच्या दारात काकू आली. हातात झारा, त्यातून तेल ठिबकतंय. वेलीसमोर यायचं नाही असं सांगितलेली काकू थेट अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली. "आक्काबाई," ती मोठ्यानं म्हणाली, "इतकी वर्सं तुमी इले वांझ म्हणून राह्यल्या. कुऱ्हाड दाखवली, बरफ ठेवला, चिंच पाजली. आन् थो गडी निंगाला. दुरबिनीखाली धरला तवा कळलं. मले तं वर्ध्याच्या डॉक्टरनीनं पाह्यलं. आता एक काम करा. याईले बी धरा ना दुरबिनीखाली." आणि तिनं झारा काकाकडे केला. आत्याचं तोंड उघडलं, पण त्यातून शब्द यायच्या आत जामचा हॉटेलवाला उठला. त्यानं फेटा डोक्यावर ठेवला. "बराबर हाय बाईचं," तो म्हणाला. "माया पोरीले देण्याच्या आदी मले बी मालूम पाह्यजे. गडी तपासून आना, मंग बोलू." जेवून मात्र गेला. वडे फार चांगले झालेत म्हणाला.

आता आत्याची पंचाईत झाली. तपासल्याशिवाय जाम नाही, नि एकदा काढलेलं जामचं नाव मागे घेणं तिच्या स्वभावात नाही. तिचाच शब्द तिला नडला. काका पुढचे काही दिवस वावरातून घरी येईना. आला की वेलीच्या धोतराकडे बघायचा नाही. काकूशी तो बोलेना असं नाही, पण तिनं पाणी दिलं की पेला दोन्ही हातांनी घ्यायचा, पाहुण्यासारखा. अखेर एका सकाळी बाबा त्याला घेऊन वर्ध्याच्या दवाखान्यात गेले. परत निकाल घ्यायला गेले. त्या परतीच्या बसमध्ये काय झालं ते बाबांनी मला फार वर्षांनी सांगितलं. काकानं विचारलं होतं, "दादा, घरी खोटं सांगू का?" बाबा म्हणाले, मी काय बोलणार होतो? मी म्हटलं, तुयं तू पाह्य.

आम्ही सगळे अंगणात होतो. आत्या बाजेवर तुरीच्या शेंगा सोलत होती, आई नि मी खाली, काकू न्हाणीपाशी भांडी घासत होती. काका आला, चपला काढल्या, नि घरात न जाता सरळ मांडवाखाली गेला. वेलीच्या धोतराचा सोगा वाऱ्यानं सुटला होता. तो त्यानं नीट खोचला. मग वेलीच्या बुंध्यावर हात ठेवला, गळ्यात टाकावा तसा, नि म्हणाला, "आक्का, आमी दोघं भाऊ."

मला वाटतं आम्हाला कळायला थोडा वेळ लागला. काकूला आधी कळलं. तिच्या हातचं पातेलं घरंगळत पार तुळशीपर्यंत गेलं. काका मग आत्याकडे तोंड करून म्हणाला, "मायात दोष हाय. तिच्यात नाई. तिच्यात कधीच नव्हता. आता कोनाले नालवाडीले पोचवाचं असन तं मले पोचवा." आणि हा झुपकेदार मिशांचा माणूस, रोप शेळीनं खाल्लं तेव्हा रडला होता तसाच, त्याच ओसरीवर बसून मोठमोठ्यानं रडला. काकू गेली, त्याच्या शेजारी बसली. तिनं त्याला जवळबिवळ घेतलं नाही, तसं आमच्याकडे चारचौघांत कुणी करत नसे. तिनं राखेनं भरलेला हात पातळाला पुसला नि त्याच्या पाठीवर ठेवला, आणि तीही रडली.

आत्या उठली, आत गेली. बराच वेळ आली नाही. बाहेर आली तेव्हा हातात सूप होतं, त्यात नारळ, तांदूळ नि हिरवा खण. वेलीसाठी आणलेला, उरलेला. ती काकूसमोर येऊन उभी राहिली. "पदर कर पुढं, वेणू." त्या घरात काकूची ओटी लग्नानंतर भरली गेली नव्हती. काकूनं लगेच पदर पुढे केला नाही. ती आत्याकडे बघत राहिली, नि आत्या सूप घेऊन तशीच उभी राहिली. आख्ख्या आयुष्यात आत्याला कुणाची वाट बघत उभी राहिलेली मी तेवढीच पाहिली. मग काकूनं पदर पसरला. विधवेनं ओटी भरायची नसते हे बाजूला सारून आत्यानं ओटी भरली, कुंकू लावलं, नि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जाय आता, भांडे घास. उष्टे पडले."

काकूला मूल हवं होतं ते हवंच होतं. उगाच गोड करून सांगत नाही. पुढे मला फार उशिरा धाकटा भाऊ झाला तो तिच्याच कुशीत वाढला, काका जाईपर्यंत दोघं एकमेकांना चिडवत जगली, आणि आत्यानं मरेपर्यंत जामचं नाव काढलं नाही. वेल मात्र आहे. माझी नात पुण्याला झाडांच्या जनुकांचा अभ्यास करते. मागे आली तेव्हा तिनं वेलीचं पान नेलं. नंतर तिनं फोनवर चेहरा दाखवत सांगितलं, की आजी, खायच्या द्राक्षांचं मूळ घर पश्चिम आशियात नि काळ्या समुद्रापलीकडच्या डोंगरांत, पण तुमचा हा गडी त्या घराण्यातलाच नाही. अमेरिकेतल्या जंगली वेलींच्या वंशाचा. चिवट मुळं म्हणून याच्यावर दुसऱ्याची कलमं बांधतात. म्हणजे आमच्या न्हाणीवर एवढी वर्षं अमेरिकेचा रानटी पुरुष धोतर नेसून बसला होता. नर नि मादी वेगळी असलेल्या वेलींतून माणसानं फळणारी तेवढी कशी निवडून घरी आणली, तेही तिनं सांगितलं. काकू शेजारीच होती, आता तिला ऐकू कमी येतं. मी ओरडून समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे बिनफळाचा गडी लोकाईनं तवाच घराबाहेर काढला होता. आपूनच होतो जे त्याले काष्टा घालून देत राह्यलो." आणि दात नसलेल्या तोंडानं इतकी हसली की तिला ठसका लागला.

धोतर आजही दर होळीला बदलतात. आता तर गावाबाहेरचेही लोक येतात. कुणी कधी काय समजूत करून घेतली देव जाणे, मूल व्हावं म्हणून वेलीला हात जोडतात. परवा मी माहेरी गेले होते तेव्हा एक सासू आली होती, मागे खाली मान घातलेली कोवळी सून. सुनेच्या हातात नारळ, डोळे रडून सुजलेले. काकू मांडवाखाली बाजेवर पडली होती. तिनं डोळे किलकिले करून त्या पोरीकडे पाहिलं, मग सासूकडे.

"इले काऊन आनलं?" काकू म्हणाली. "इले घरी निजू दे. पोराले घेऊन ये."